गोटमारीपूर्वी भाच्यास पत्र

सौंसर

चि. बाळ,

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यास स्थापिलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून तू परतलास, अन्न अंगी लागले, रात्रीची झोप येऊ लागली, हे तुझ्या आईकडून कळून समाधान वाटले. परंतु पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला जाम नदीच्या काठी जुन्या मंडळींत उभे राहायचे आणि गर्दला हात न लावता परतून आपला निर्धार साऱ्या पांढुर्ण्याला दाखवून द्यायचा, हा जो तुझा बेत तिने सांगितला, तो मला मुळीच मान्य नाही. मामा भित्रा आहे असे तू खुशाल म्हण.

तलफ हा मनाच्या दुर्बलतेचा पुरावा आहे, अशा समजुतीने तू तिच्याशी इभ्रतीची लढाई मांडली आहेस. वस्तुतः ज्या जागी, ज्यांच्या सोबतीने आणि ज्या प्रहरी तू गर्द ओढत होतास, ती जागा, ती माणसे व तो प्रहर मेंदूने नशेशी जखडून ठेवलेला असतो. म्हणूनच महिनोन्महिने स्वस्थ असलेल्या माणसाला गर्द ओढायची नुसती पन्नी दिसली तरी घाम फुटतो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे पुष्कळ सैनिक हेरॉइनच्या, म्हणजे तुझ्या गर्दच्याच जातीच्या नशेच्या, आहारी गेले होते. १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्यांची ली रॉबिन्स या विदुषीने चौकशी केली, तेव्हा त्यांतले बहुसंख्य पुन्हा व्यसनाधीन झाले नव्हते, असे आढळले. याची कारणे अनेक सांगतात, पण ती छावणी, ते सोबती आणि तो सहजी मिळणारा माल मागे राहिला, हे त्यांतले मोठे होय. तुझे दुर्दैव एवढेच, की तुझी छावणी घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

आणि दिवस तरी कोणता निवडलास! नदीच्या मधोमध रोवलेला पळसाचा झेंडा, अलीकडे पांढुर्णा व पलीकडे सावरगाव, दिवसभराची दगडफेक, रक्त पाहून चढत जाणारी ईर्ष्या, आणि सरकारी बंदोबस्ताला न जुमानता आडोशाला उघडणाऱ्या बाटल्या. आपला रोग गर्दचा, दारूचा नव्हे, अशी पळवाट काढू नकोस. एका नशेने सैल झालेला विवेक दुसरीला मज्जाव करीत नाही.

‘एकच प्याला’ लिहिणारे गडकरी १९१९ साली आपल्या नागपूरच्या वाटेवरील सावनेरला निवर्तले. त्या नाटकातल्या सुधाकराने दारू सोडण्याचा निश्चय केला, तो खोटा होता असे मला कधीच वाटले नाही. निश्चयानंतरचा दिवस कसा काढावा, याची तजवीज तेवढी त्याच्यापाशी नव्हती.

तहसील कचेरीत उमर घालविलेल्या माणसाला तलफ ही जप्तीचा हुकूम हाती नसताना दाराशी आरडाओरडा करणाऱ्या शिपायासारखी वाटते. बहुधा पंधरा-वीस मिनिटे, फार तर अर्धा तास ती चढते आणि मग ओसरते. तेवढ्या मुदतीत तिच्याशी हुज्जत न घालता जागेवरून उठावे, पाणी प्यावे, समुपदेशकाला फोन लावावा, आणि तो न लागल्यास “मला आत्ता तलफ आली आहे” असे आईजवळ उघड बोलावे. उपाशीपोटी, रागात, एकटेपणी व थकव्यात तिचा जोर वाढतो, तेव्हा दुपारचे जेवण चुकविण्याची तुझी सवय आता मोडलीच पाहिजे.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगतो. तुझ्या शरीराची जुनी सहनशक्ती आता उरलेली नाही. पूर्वीच्या मापाने घेतलेली एकच मात्रा श्वास बंद पाडू शकते. पाय घसरलाच, तर लाजेने लपून एकटा बसू नकोस, तत्क्षणी कळव. माझ्या दरबारी त्याची फिर्याद चालणार नाही.

पोळ्याच्या संध्याकाळच्या बसने सौंसरला ये आणि झेंड्याचा निकाल लागून मंडळी पांगेपर्यंत येथेच राहा. आंबिया बहाराने संत्र्याच्या फांद्या लवल्या आहेत, त्यांना बांबूचे टेकू द्यायचे आहेत आणि मजूर मिळत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या सोबत आण. त्या स्वतःच्या मर्जीने बंद करू नकोस. आईलाही घेऊन ये, तिला जामसावळीच्या मारुतीचे दर्शन घ्यायचे आहे.

तुझा,
मामा