शंकेची पाल का चुकचुकते?

प्रश्न : ‘मनात शंकेची पाल चुकचुकली’ असं आपण म्हणतो. शंकेचा आणि पालीचा संबंध कसा?

उत्तर : संबंध शकुनाचा आहे. घरातली पाल खरोखर आवाज करते. बोलणं रंगात आलेलं असताना भिंतीवरून ‘चुक् चुक्’ ऐकू आलं, की जुनी माणसं थबकतात. काही घरांत ‘कृष्ण कृष्ण’ म्हणतात. पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचं ‘पल्लीपतन’ तर पंचांगात छापलेलं असतं. भिंतीवरची ती अशुभाची चाहूल भाषेनं मनात आणून ठेवली, हे मला फार सुंदर वाटतं.

गंमत बंगालमध्ये आहे. तिथे हीच पाल, टिकटिकी, ‘ठीक ठीक’ म्हणते, म्हणजे बोललेलं खरं ठरतं!

आपल्याकडे मात्र ती खटकण्याचीच खूण. मुलगा नऊला येणार होता, दहा वाजले, फोन बंद. आईच्या मनात पाल चुकचुकते. हिशेबात लबाडीचा वास आला, तर पालीऐवजी ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ म्हणावं. पुरावा हाती आल्यावर मात्र पाल चुकचुकवू नका; ती पहिल्या, पुसट शंकेचीच आहे.