भाच्याला पत्र : जागा सोडू नकोस

हुपरी, ता. हातकणंगले

चि. ऋतुराज यास,


प्रशिक्षकांना सांगून तू आता फॉरवर्डला खेळणार आहेस, असं ताई म्हणाली. डिफेन्सिव्ह हाफकडं कुणाचं लक्ष जात नाही, बक्षीस गोल मारणाऱ्यालाच मिळतं, असं तुझं म्हणणं. विद्यापीठाच्या स्पर्धेत उत्कृष्ट खेळाडू व्हायची इच्छा धरलीस, याचा मला आनंदच आहे. ती कुणापासून लपवू नकोस. जागा बदलायचा बेत मात्र मला पटलेला नाही. का, ते नीट लिहितो.

तुझं निम्मं म्हणणं खरं आहे. बक्षीस ठरवणारी माणसंच असतात आणि माणसाची नजर चेंडूमागं पळते. उत्कृष्ट फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओर 1956 पासून दिला जातोय, पण एवढ्या वर्षांत तो गोलरक्षकाला एकदाच मिळाला, 1963 साली लेव्ह याशिनला. अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा वेगळाच खेळ, पण तिथंही हीच गत. त्यातला सर्वांत मोठा वैयक्तिक मान म्हणजे हाइजमन करंडक. तो 1935 ला सुरू झाला आणि मुख्यतः बचावात खेळणाऱ्या पोराच्या हाती पहिल्यांदा पडला तो 1997 ला, चार्ल्स वुडसनच्या. वुडसनही अधूनमधून आक्रमणात उतरायचा, म्हणून नजरेत भरला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तोही फॉरवर्ड. तेव्हापासून तुम्हा पोरांच्या डोक्यात तेच बसलंय, हे मला कळतं.

पण रॉड्रीकडं बघ. तुझ्याच जागेवर खेळणारा माणूस. विलारेआल क्लबमध्ये असताना तो विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहून विद्यापीठात शिकत होता. 2023 च्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना इस्तंबूलला झाला, त्यात इंटर मिलानवर झालेला एकमेव गोल त्याचा. गोलावरच सगळं ठरत असतं, तर त्याच वर्षी बॅलन डी'ओर त्याला मिळायला हवा होता. तो पाचवा आला. पुढच्या वर्षी त्याच्या मँचेस्टर सिटीनं सलग चौथ्यांदा प्रीमियर लीग जिंकली, स्पेननं युरो जिंकला आणि युरोचा उत्कृष्ट खेळाडू रॉड्री ठरला. दुखापतीमुळं अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात तो मैदानावरही नव्हता. तरी 2024 चा बॅलन डी'ओर त्याचाच. आख्खा हंगाम दोन्ही संघांचं गाडं त्याच्यावर चाललं होतं, आणि ते मत देणाऱ्यांना उशिरा का होईना दिसलं.

कोल्हापुरातल्या स्पर्धांच्या निवड समितीत मी बसलोय, म्हणून आतलं सांगतो. सगळे सामने बघितलेला समितीत एखादाच असतो. बाकीचे उपांत्य आणि अंतिम सामन्यावर बोलतात. उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडलेल्या संघातल्या पोरानं कितीही गोल केले असू देत, त्याचं नाव क्वचित निघतं. मग कुणीतरी पंचांना विचारतं, हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला विचारतं, की तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कुणी दिला? त्या उत्तरावर निकाल फिरलेला मी पाहिलाय. तिथं गोलाचा हिशेब कुणी मांडत नाही. अमक्यानं आमचा खेळच होऊ दिला नाही, असं सांगतात. तो अमका बहुतेक वेळा तुझ्याच जागेवरचा असतो.

विद्यापीठाच्या वाटेवर तर हे दुप्पट खरं. आधी विभागीय सामने, मग आंतरविभागीय, त्यातून शिवाजी विद्यापीठाचा संघ, पुढं पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि तिथले पहिले चार संघ अखिल भारतीयला. बाद फेरीत एक सामना हरला की बॅग भरायची. संघ जितके दिवस स्पर्धेत, तितकेच दिवस तुझं नाव स्पर्धेत. आणि संघ टिकतो तो तुझ्यासारखा कुणीतरी स्टॉपरच्या पुढं उभा राहतो म्हणून. आपल्या कारखान्यात तू लहानपणापासून बघतोस, पैंजणाच्या घुंगराचा आवाज सगळे ऐकतात, पण झाळ कच्ची राहिली की घुंगरू रस्त्यात पडतं.

तू मला जर्नैलसिंगचं उदाहरण देशील, म्हणून आधीच सांगतो. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हा बचावपटू डोक्याला टाके असताना फॉरवर्डला खेळला, उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावरही केला, आणि आपण 2-1 नं सुवर्ण जिंकलं. पण त्याला पुढं पाठवलं ते प्रशिक्षक रहीमसाहेबांनी, संघाची अडचण बघून. तुझ्या प्रशिक्षकांनी उद्या सांगितलं, तर तूही बिनतक्रार जा. स्वतःहून मागायला जाऊ नकोस.

त्यापेक्षा एक गोष्ट सुधार. गेल्या हंगामात तुला पंचाशी हुज्जत घातल्याबद्दल पिवळं कार्ड मिळालं, टॅकलबद्दल नव्हे. याची फार मोठी किंमत पडते. बॅलन डी'ओरच्या निकषांतही खिलाडूवृत्ती लिहून ठेवलीय. आमच्या समितीत दोन नावं बरोबरीला आली की कार्डं बघतात आणि तिथंच विषय मिटतो. शाहू स्टेडियमवर पेठेची पोरं कितीही ओरडू देत, पंचाकडं पाठ करून आपल्या जागेवर जायचं.

गुडघ्याचं दुखणं प्रशिक्षकांपासून लपवून पेठेतल्या तालमीच्या संघाकडूनही खेळतोस, हेही माझ्या कानावर आलंय. तालमीच्या लोकांना नाही म्हणणं जड जातं, मला ठाऊक आहे. तरी फिजिओ सांगेपर्यंत फक्त कॉलेजच्या संघाकडून खेळ, तालमीच्या वस्तादांशी मी बोलतो. आणि हजेरी सांभाळ. कॉलेजच्या यादीतून नाव गेलं, तर विद्यापीठाच्या संघातूनही जाईल.

आपल्याकडच्या सामन्यांत हरणाऱ्या संघातल्या एकाला लढवय्या खेळाडू म्हणून गौरवतात. ही पद्धत मला फार आवडते. ते बक्षीस मिळालं तर कमीपणा मानू नकोस. समोरच्यांनी तुझं नाव लक्षात ठेवायला तिथूनच सुरुवात होते, आणि पुढच्या वर्षी समिती बसते तेव्हा तेच लोक बोलतात.

रविवारी हुपरीला येशील तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या सामन्याचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये घेऊन ये. चेंडू तुझ्यापाशी नसताना तू कुठं उभा होतास, तेवढंच आपण बघू. दुसऱ्या गोलाच्या वेळी तू उजवीकडं ओढला गेलास असं मला वाटतंय, पण मी लांबून बघत होतो.

तुझा,
मामा