पाय दुखतात, ते दर वेळी वातानेच नव्हे

आमच्या वस्तीतल्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करीत. बसथांब्यापासून घराकडचा चढ चढताना त्यांच्या पोटरीत गोळा यायचा. टपरीशी दोन मिनिटे उभ्या राहिल्या की जायचा. "वाताचं आहे," असे त्या म्हणत आणि आम्हीही मान डोलवीत असू. पुढे अंगठ्याला चप्पल लागली, जखम तीन महिने भरेना, शेवटी अंगठा काढावा लागला. तेव्हा कळले, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचतात, तसेच पायाच्याही साचतात. चालताना स्नायूंना जास्त रक्त लागते, ते पोहोचत नाही, म्हणून पोटरी आवळते. थांबले की सुटते. गुडघ्याची झीज असेल तर बहुधा उठताना, पहिल्या पावलालाच दुखते. बायकांचा हा आजार पुष्कळदा उशिरा ओळखला जातो. कित्येकींना असे ठरावीक दुखणे होतच नाही, नुसते पाय जड होतात. काही जणी दुखते म्हणून चालणेच कमी करतात, मग तक्रारही उरत नाही.

मग धोका आधी ओळखायचा कसा? पहिला प्रश्न तंबाखूचा. अमेरिकेत पंचेचाळिशीच्या पुढच्या सुमारे 39 हजार स्त्रियांवर बारा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले गेले. सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार कैक पटींनी जास्त आढळला. सोडलेल्यांचा धोका बराच उतरला, पण कधीच न ओढणाऱ्यांइतका खाली आला नाही. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, असे म्हणून सुटका नाही. मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिच्यातले निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते. सकाळी दातांना लावतो ते व्यसन नव्हे, ही समजूत आम्ही घरोघरी ऐकतो.

दुसरा प्रश्न साखरेचा. मधुमेहात पायाची जाणीव बोथट होते, जखम झालेली कळत नाही. त्यात रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि पाळी जाऊन काही वर्षे झाली असतील, तर तपासणी टाळू नये. तिशीपुढच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात.

पायाची तपासणी सोपी आहे, सुई टोचावी लागत नाही. घोट्याजवळचा वरचा रक्तदाब मोजायचा आणि त्याला दंडाच्या वरच्या रक्तदाबाने भागायचे. दंडावर 140 आणि घोट्यावर 112 आला, तर उत्तर 0.80. उत्तर 0.90 किंवा त्याहून कमी आले, तर रक्तवाहिनी अरुंद आहे असे धरतात. 1.40 च्या वर गेले तरी खूश होऊ नये. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्याने आकडा फुगतो. ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते, पण घोट्याच्या आतल्या बाजूची आणि पावलावरची नाडी बोटांनी पाहायला डॉक्टरांना सांगता येते. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, तेवढ्यावरून घाबरू नये.

आजार निघाला तर हृदयविकार आणि पक्षाघाताचाही धोका वाढलेला असतो, म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. चालणे हे औषधच आहे: दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, असे आठवड्यातून किमान तीन दिवस अर्धा-पाऊण तास. मात्र पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. कुरूप ब्लेडने कापू नये, थंड पाय शेकू नयेत. रात्री पाऊल ठणकत असेल आणि खाटेखाली सोडल्यावरच बरे वाटत असेल, किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर लगेच दाखवावे. आणि पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडून असह्य दुखू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठावे. तिथे काही तासांवर पाय वाचणे अवलंबून असते.