माणिककंठी हमिंगबर्ड

परसांतील जास्वंदीवर एखादें चकाकणारें चिमुकलें पांखरूं आलें कीं, कांहीं शिकलेले लोक त्यास हमिंगबर्ड म्हणतात. ही चूक आहे. तो आपला शिंजीर होय. शिंजीर बहुधा फांदीवर किंवा देठावर बसून मध पितो. हमिंगबर्ड अधांतरीं राहून पितो, आणि अमेरिकेबाहेर तो कोठेंही रानांत आढळत नाहीं. त्याच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत. त्यांतील माणिककंठी जातीविषयीं आम्ही येथें थोडें सांगतों.

हा पक्षी संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागांत व क्यानडाच्या दक्षिणेस रानांच्या कडांना व बागांत उन्हाळा घालवितो. त्याची लांबी सुमारें 8 सेंटिमीटर व वजन सुमारें 3 ग्रॅम, म्हणजे पाव तोळा, असतें. पाठ चकचकीत हिरवी व पोट फिकट. नराचा गळा माणकासारखा लाल असतो. परंतु त्यावर प्रकाश नीट न पडल्यास तोच काळा दिसतो. मादीचा गळा पांढुरका असतो.

त्याचे पंख एका सेकंदांत सुमारें 50 वेळां हालतात. त्यांचाच गुंजारव ऐकूं येतो. तो मागेंही उडूं शकतो. एवढ्या श्रमास अन्न फार लागतें, म्हणून मधाखेरीज तो बारीक किडे व कोळीही खातो. थंड रात्रीं अन्न अपुरें पडल्यास अंगांतील ऊब उतरवून तो निश्चेष्ट पडतो, व पहाटे पुन्हां ऊब आणून उठतो.

घरटें मादी एकटीच बांधते. मऊ तंतू कोळिष्टकांनीं जोडून बाहेरून ती दगडफूल लाविते. त्यांत वाटाण्याएवढीं दोन पांढरीं अंडीं घालून सुमारें दोन आठवडे उबविते. नर कांहीं साह्य करीत नाहीं.

हिवाळ्यापूर्वीं हे पक्षी मेक्सिको व मध्य अमेरिकेकडे जातात. पुष्कळ जण मेक्सिकोचें आखात, सुमारें 800 किलोमीटर, एका दमांत ओलांडितात. खालीं विसाव्यास फांदी नाहीं, खाण्यास फूल नाहीं. वारा उलटला तर मरण. म्हणून निघण्यापूर्वीं ते खाऊन खाऊन चरबी सांठवितात व वजन जवळजवळ दुप्पट करितात. ते रानहंसांच्या पाठीवर बसून जातात, असें पूर्वीं लोक म्हणत. तें खरें नव्हे. तीच चरबी त्यांची शिदोरी होय.

ह्यावरून वाचकांनीं जाणावें कीं, वाटेवरील एका फुलझाडावरही एखाद्या जिवाचें तारण अवलंबून असतें. आपल्या शिंजिरासही परसांतील फुलें हवींत. त्याच्या लोंबत्या घरट्यास मुलांनीं हात लावूं नये.