आज काहीच जाणवत नाही?

वाचन: लूक २४:१३-३५

रविवारी उपासनेत डोळे भरून येतात. सोमवारी लोकलमध्ये बायबल अ‍ॅप उघडलं तर मन कोरडंच. मग प्रश्न पडतो, माझा विश्वास खरा आहे ना?

अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य बघा. कबर रिकामी असल्याची बातमी त्यांनी ऐकली होती, तरी चेहरे उतरलेले. पुनरुत्थित प्रभू सोबत चालत होता, पण त्यांनी त्याला ओळखलं नाही. त्यानेही आधी ओळख दिली नाही. मोशे आणि संदेष्टे यांच्यापासून शास्त्र उलगडून सांगितलं. घरी त्याने भाकर मोडून दिली तेव्हा डोळे उघडले. मग त्यांच्या लक्षात आलं की वाटेत ऐकतानाच आपलं अंतःकरण पेटलं होतं!

भावना खरीच होती. पण ती वचनातून आली आणि कळली उशिरा. दिवस कलला असूनही ते त्याच घटकेला यरुशलेमेस परत निघाले. विश्वास असा पावलांत दिसतो.

म्हणून मित्रांनो, आज काही जाणवलं नाही तरी वचन बाजूला ठेवू नका. तो सोबत चालतोय.

प्रार्थना: प्रभू, मला जाणवो वा न जाणवो, तुझं वचन माझ्यात कार्य करो. आमेन.