पुलावाची पाकिटं परत का आली?

प्रश्न : बदलीमुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही बारामतीला राहायला आलो. गेल्या वर्षी तुकोबांची पालखी शहरात आली त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीने वर्गणी काढून पुलावाची तीनशे पाकिटं वाटायला नेली. निम्मी परत आणावी लागली. वारकरी हात जोडायचे, "झालंय माउली" म्हणायचे आणि पुढे जायचे. दिवसभर चालून आलेली माणसं अन्न का नाकारतात? आमचं काही चुकलं का? यंदा काय करावं?
– एक वाचक, बारामती

उत्तर : आधी मनातली रुखरुख काढून टाका. पाकिटं परत आली यात तुमचा अपमान नाही आणि वारकऱ्यांचा ताठा तर मुळीच नाही. ज्याने "झालंय माउली" म्हटलं, त्याने खरं तर तुमचं अन्न वाचवलं. भिडेखातर पाकीट घेऊन, दोन घास खाऊन पुढच्या कोपऱ्यावर ठेवून देणारेही त्या संध्याकाळी असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तो रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगारांना विचारा, ते तुम्हाला यावर तासभर सांगतील. चुकलं असेल तर तुमचं घड्याळ आणि थोडीशी जागा.

आता कोडं सोडवू. बाहेरून पाहिलं की पालखीची गर्दी म्हणजे एक लोंढा वाटतो. थकलेली, भुकेली, हाती पडेल ते खाणारी माणसं. इथेच पहिला गैरसमज होतो. त्यातला मोठा भाग दिंड्यांमध्ये असतो, आणि दिंडी म्हणजे चालतं-फिरतं एकत्र कुटुंब. रथापुढे किंवा रथामागे तिचा क्रमांक ठरलेला असतो. विणेकरी, टाळकरी, पखवाजी, पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका यांना तुम्ही पाहिलंच असेल. पण रस्त्याच्या कडेने पुढे निघून गेलेला दिंडीचा ट्रक सहसा कुणी पाहत नाही. त्यात राहुट्या, वळकट्या, पातेली, गॅसच्या टाक्या असतात. बऱ्याच दिंड्यांचा पाण्याचा टँकरही असतो. आचारी मुक्कामाला आधी पोचतात आणि माणसं यायच्या आत आमटीला उकळी आलेली असते. हे जेवण फुकटचं नाही. वारकरी निघताना दिंडीत भिशी भरतो, त्यातून हा सगळा खर्च चालतो.

याचा परिणाम पाहा. संध्याकाळी सहाला तुम्ही ज्याच्यापुढे पाकीट धरलं, त्याला पालखी शारदा प्रांगणात पोचवायची आहे, समाजआरती करायची आहे आणि मग आपल्या दिंडीच्या पंगतीला बसायचं आहे. त्याने पुलाव खाल्ला तर तिकडे त्याच्या नावाचं शिजलेलं उरणार. म्हणून तो "नको" म्हणत नाही, "झालंय" म्हणतो. अन्नाला नको म्हणायची त्याची रीत नाही.

मग रस्त्यावर खाणारं कोण? दिंडीत नाव न घातलेली, सुटी चालणारी माणसं. चौघी जावा-नणंदा, एखादा म्हातारा आणि त्याचा नातू, शेजारच्या दोन गावांतून एकत्र निघालेले गडी. यांच्यामागे ट्रक नसतो. मिळेल तिथे खायचं आणि एखाद्या देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पाठ टेकायची. अडचण अशी की ही माणसं पालखीबरोबर चालत नाहीत. ऊन चढायच्या आत अंतर तोडायचं म्हणून ती पहाटे तीन-चारलाच निघतात आणि रथाच्या कित्येक तास आधी तुमच्या दारावरून गेलेली असतात. तुमचा पुलाव दम धरत होता तेव्हा त्याचं खरं गिऱ्हाईक काटेवाडीच्या वाटेला लागलेलं असणार.

त्यात बारामती म्हणजे पुणं सोडल्यावर या वाटेवरचं पहिलं मोठं शहर. उंडवडीकडून पालखी आत येते त्या संध्याकाळी प्रत्येक मंडळ, पतसंस्था, सोसायटी आणि दुकानदार संघ रस्त्यावर टेबल मांडून उभा असतो. पन्नास पावलांत चहा, केळी, पुलाव, राजगिऱ्याचा लाडू आणि परत चहा. पोटाला मर्यादा असते, ते वारकऱ्याचं असलं तरी.

राहिला पुलाव. शिजलेला भात गरम असतानाच डबीत बंद केला की आत वाफ कोंडते आणि तो तासन् तास कोमट राहतो. भातात असे काही जंतू असतात की त्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत. ऊब मिळाली की ती पुन्हा वाढतात आणि उलट्या-जुलाब होतात. घरी असं झालं तर माणूस एक दिवस झोपून काढतो. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस किलोमीटर चालायचं असलेल्याने काय करायचं? म्हणून जुना वारकरी बंद डबीतल्या भाताकडे जरा संशयानेच पाहतो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कोरडे लाडू मात्र तो बिनघोर घेतो आणि पंच्याच्या टोकाला बांधून ठेवतो.

मोठ्या प्रमाणावर जेवू घालायचं कसं, हे पाहायचं असेल तर यवतला जा. तिथल्या काळभैरवनाथाच्या देवळात पालखीच्या मुक्कामाला पिठलं-भाकरी असते. मोठाल्या कढयांत पिठलं रटरटतं आणि घराघरांतून भाकरी येतात. एकच पदार्थ आणि एकच जागा असल्यामुळे कुणाचं काय उरलं हा हिशेबच राहत नाही. मला विचाराल तर आपल्या तालुक्यातल्या सगळ्या मंडळांनी एक दिवस तिथे शिकाऊ म्हणून उभं राहावं.

आणखी एक शंका बऱ्याच जणांना असते, म्हणून सांगतो: वारकऱ्यांना उपवासाचं द्यावं का? पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, त्यामुळे योगिनी एकादशी साधारण पुणं-लोणी काळभोरच्या आसपास येते. बारामतीला पालखी येईपर्यंत अमावस्या आलेली किंवा उलटलेली असते. तेव्हा साबुदाण्याची पोती आणू नका. कांदा-लसूण काही दिंड्यांत चालतो, काहींत नाही, विचारून घ्यावं.

यंदा काय करावं? पहिली गोष्ट, शहराबाहेर पडा. बारामतीनंतर पालखी काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी इंदापूरला जाते. गावं आपापल्या वेशीवर भरपूर करतात, पण दोन गावांमधल्या मोकळ्या रस्त्यावर कुणी नसतं. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. आषाढ लागला तरी इंदापूरच्या बाजूला ऊन चटका देतं. शिवाय पालखी मार्गाच्या रुंदीकरणात कडेची जुनी झाडं गेली. पूर्वी विसाव्याला वडा-लिंबाची सावली फुकट मिळायची, आता तीच दुर्मिळ आहे. शेलगाव फाट्याच्या पुढे-मागे एखाद्या शेतकऱ्याच्या परवानगीने चार बांबू आणि हिरवी शेडनेट टाका, खाली ताडपत्री अंथरा, पिण्याच्या पाण्याची टाकी ठेवा. तीनशे पुलावांच्या खर्चात एवढं बसतं, आणि इथे कुणी "झालंय" म्हणणार नाही. फक्त पहाटे पाचला उभे राहा.

दुसरी गोष्ट, जे आपल्या हाताला येतं ते द्या. काटेवाडीत परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या अंथरतो. तिथेच मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती रिंगणात पळवतात. कळपाला रोगराई होऊ नये ही त्यामागची श्रद्धा. वाटेत कुठे नाभिक मंडळी दाढी-कटिंग करून देतात, कुठे चपलांना टाके घालून मिळतात. यातलं काहीच दुकानातून विकत आणलेलं नाही. तुमच्या सोसायटीत डॉक्टर असतील, फिजिओथेरपीवाले असतील, शिवणयंत्र असेल. इंदापूरला माझी आजी दारात घमेलं मांडून बसायची. कोमट पाणी, मूठभर मीठ. बायका आत पाय सोडून पाच मिनिटं डोळे मिटायच्या आणि उठताना तिच्याच पाया पडायला वाकायच्या. ती घाईने त्यांच्या पाया पडायची. कोण कुणाच्या पाया पडलं हे शेवटपर्यंत ठरायचं नाही.

इथे दुसरा गैरसमजही दूर होतो. हे गरिबाला केलेलं दान नव्हे. तुमच्यापुढे ओंजळ धरणाऱ्याच्या घरी दहा एकर ऊस असू शकतो. 1685 साली तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबांनी पालखीचा हा सोहळा सुरू केला तेव्हापासून वाटेवरच्या लोकांनी याला सेवा म्हटलं आहे. म्हणून पाकीट देतानाचा फोटो काढू नये, हे मी सोसायटीच्या सचिवांना उद्देशून लिहितो आहे.

दिंडीला पंगतच द्यायची हौस असेल तर वैशाखातच हालचाल करा. बऱ्याच दिंड्या वर्षानुवर्षं त्याच घरी, त्याच शेतात उतरतात आणि जेवणाचा मान काही घरांत पिढ्यांपासून चालत आलेला असतो. पहिल्याच वर्षी रात्रीची पंगत मागितली तर ती मिळणार नाही. सकाळचा चहा-पोहे मागा. दिंडीप्रमुख माणसांचा आकडा सांगतील, तेवढंच करा. ते शिधा मागत असतील तर शिधाच द्या. स्वयंपाक त्यांचे आचारी तुमच्या आचाऱ्यापेक्षा बरा करतात.

पैशांबद्दल थोडक्यात. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, तेव्हा पावतीपुस्तक पाहायला लाजू नका. करसवलतीच्या आशेने तांदळाचं पोतं देणार असाल तर ती आशा सोडा: वस्तुरूप देणगीला सवलत नाही, 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर कशालाच नाही.

आणि नुसतं बघायला जायचं असेल तर? खुशाल जा, त्यात कमीपणा कसला. बेलवाडीचं गोल रिंगण गाठा. उन्हं चढायच्या आत मैदानात जागा धरा आणि मुलांना दोरीच्या अलीकडे ठेवा, कारण अश्व आपल्यासाठी थांबत नाही. तो धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. तिथे ढकलाढकली करू नका. पुढे फुगड्या सुरू होतात. एखादी सत्तर वर्षांची माउली हात पुढे करेल, तेव्हा गुडघे दुखतात हे कारण तिच्यापुढे चालत नाही.

एक राहिलंच. यंदा पुलावाऐवजी केळी वाटायची ठरलीच तर शेजारी सालींसाठी दोन पोती ठेवा आणि त्यांच्यापाशी एक माणूस उभा करा. मागून येणाऱ्यांत पुष्कळ जण अनवाणी असतात.