रुग्ण, परकी भाषा आणि दुभाष्याची अमानत

मानवांच्या भाषा व वर्ण यांतील भिन्नता हा अल्लाहच्या संकेतांपैकी एक संकेत असल्याचे दिव्य कुरआनच्या ‘अर्-रूम’ या अध्यायात सांगितले आहे. ‘इब्राहीम’ या अध्यायात असेही स्पष्ट केले आहे की, प्रत्येक प्रेषित आपल्या जनसमूहाच्याच भाषेत संदेश घेऊन आला, जेणेकरून त्याने तो उलगडून सांगावा. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. भाषा वेगळी असल्याने कोणी हीन ठरत नाही. आणि समजेल असे सांगण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर असते. रुग्णालयात मात्र याउलट घडते. भाषा न येणाऱ्या रुग्णालाच अडाणी ठरविले जाते.

एका शब्दाची किंमत

1980 साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्यूबाहून आलेल्या कुटुंबातील 18 वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. क्यूबातील बोलीत त्याचा अर्थ, काहीतरी खाण्यापिण्यात येऊन प्रकृती बिघडणे. इंग्रजीतील तशाच उच्चाराच्या शब्दावरून डॉक्टरांनी नशेचा अर्थ घेतला आणि अमली पदार्थाच्या अतिसेवनावर उपचार सुरू केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता. निदान होईपर्यंत दोन दिवसांहून अधिक काळ लोटला व त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. दुभाषी कोणी बोलावलाच नाही. कारण आपल्याला समजले आहे, असे दोन्ही बाजूंना वाटत होते.

ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारच्या रखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. त्यांची बोली चितगावच्या बोलीला जवळची आहे, पण तीच नव्हे. प्रमाण बंगालीपासून तर ती बरीच दूर आहे. अतिसाराला ते ‘गा लामानी’ म्हणतात. हा शब्द ठाऊक नसलेल्या डॉक्टरला तक्रार कशी कळावी? बहुसंख्य निर्वासितांना लिहिता-वाचता येत नसल्याने छापील सूचनाही निरुपयोगी ठरतात. त्याच वर्षाच्या अखेरीस छावण्यांत घटसर्पाची साथ पसरली, तेव्हा लस कशासाठी हे त्यांच्याच बोलीत, तोंडी सांगणारी माणसे औषधाइतकीच आवश्यक होती.

इस्लामी परंपरेतील आदर्श

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुदी लोकांची लेखनभाषा शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत आत्मसात केली. पत्रव्यवहार विश्वासू माणसाच्या हाती असावा, हा त्यामागील हेतू होता. पुढे हजरत इब्ने अब्बास (रजि.) लोकांशी बोलत, तेव्हा अबू जमरा हे दुभाष्याचे काम करीत. न्यायालयात एक दुभाषी पुरेसा की साक्षीप्रमाणे दोन हवेत, यावर धर्मशास्त्रवेत्त्यांमध्ये मतभेद आहेत. या चर्चेवरूनच दिसते की, भाषांतराचा विचार त्यांनी साक्षीच्या तोलाने केला.

दुभाष्याची कर्तव्ये

रुग्णासाठी बोलणाऱ्याने पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

1. रुग्ण जे बोलला तेच सांगावे. स्वतःचे मत मिसळू नये व लाज वाटते म्हणून काही गाळू नये.

2. एखादा शब्द समजला नाही तर अंदाज न करता पुन्हा विचारावे.

3. जे कानी पडले ते गुप्त ठेवावे. रुग्णाचे रहस्य ही अमानत आहे.

4. हे ओझे लहान मुलांवर टाकू नये. आईचा नाजूक आजार मुलाच्या तोंडून सांगविल्यास आई अर्धेच बोलते.

5. स्त्री रुग्णासाठी शक्यतो स्त्रीच दुभाषी असावी.

आपल्या कोकणातील कित्येक घरांचे कर्ते पुरुष आखाती देशांत राबतात. परक्या दवाखान्यातील असहायता त्यांना ठाऊक आहे. आपल्याच शहरांत बंगाल, ओडिशा व नेपाळमधील मजूर केसपेपर हातात धरून रांगेत उभे असतात. रुग्णाची विचारपूस करणे हे पुण्यकर्म आहे, हे आपण जाणतो. ज्याला हिंदी, उर्दू वा बंगाली येते, त्याने आठवड्यातील एक सकाळ सरकारी रुग्णालयात द्यावी. त्यासाठी रुग्णाचा धर्म विचारण्याचे कारण नाही. अल्लाहने दिलेल्या जिभेचाही हिशेब द्यावा लागणार आहे.